तळ्याच्या वाटेवरचा मागचा माणूस

गावात त्याला सगळे पुढारी म्हणत, पण त्याचा आणि राजकारणाचा काडीचाही संबंध नव्हता. डोंगरावरच्या तळ्याकडे लोकांना घेऊन जाणं हे त्याचं काम. त्या वाटेवर तो कायम सगळ्यांच्या पुढे चालायचा, म्हणून पुढारी. चौकातला न्हावी दर निवडणुकीला विचारायचा, "काय पुढारी, यंदा उभे राहताय का?" आणि हा म्हणायचा, "उभं राहायला सवड कुठाय बाबा, चालून चालून पाय गेले." इतकी वर्षं तोच प्रश्न, तेच उत्तर, आणि दोघं दरवेळी नव्याने हसायचे.

घरात मात्र त्याचं पुढारीपण चालत नसे. घर बायकोचं, तिच्या वडिलांनी बांधलेलं, गल्लीच्या पार टोकाला, जिथे फरसबंदी संपते आणि चढ लागतो. खालच्या खोलीत एक लांब टेबल, भिंतीलगत बाकं, आणि शेगडीच्या वर ताणलेल्या तारेवर सदानकदा कुणाचे तरी ओले मोजे. तळ्यावरून आलेल्या माणसाला ती आधी बूट काढायला लावी, मग चहा देई, आणि मगच बोलू देई. तिचे वडीलही वाटाडेच. त्यांच्या गुडघ्यांनी साथ सोडली तेव्हा जावयाने लाकडाच्या वखारीतली नोकरी सोडून ही वाट धरली. वखारीच्या मालकाने त्याला वेड्यात काढलं. पण दिवसभर करवतीची किरकिर ऐकून ज्याचे कान किटले आहेत, त्याला स्वतःचा श्वास ऐकू येणं म्हणजे काय चैन असते, ते मालकाला कळायचं कारण नव्हतं.

ती वाट म्हणजे काही साधं प्रकरण नाही. आधी झाडी लागते, तिथे लोक गप्पा मारतात. झाडी संपली की गप्पाही संपतात. पुढे खडकांतून नागमोडी चढण, प्रत्येक वळणावर वाटतं की आलं आता, आणि येत काही नाही. सगळ्यात शेवटी घसारा, म्हणजे कड्यावरून सुटलेल्या दगडगोट्यांची उभी उतरण. पाऊल वर टाकावं तर अर्धं पुन्हा खाली येतं. तो पार केला की एकदम सपाटी, आणि समोर तळं. भर उन्हाळ्यातसुद्धा त्याच्या एका काठाला बर्फ असतो. झाड नाही, पाखरू नाही. पहिल्यांदा आलेली माणसं तिथे पोचली की बराच वेळ तोंडच उघडत नाहीत. पुढाऱ्याला ते तळं कधीच आवडलं नाही. लोकांना वाटतं आपण तळं बघायला आलो, पण बघायचं काम तळंच करतं, असं तो एकदा बायकोला म्हणाला होता, आणि तिने "पुरे" म्हणून विषय तोडला होता.

रांगेच्या शेवटी चालायचा त्याचा मेव्हणा, बायकोचा पाठचा भाऊ. दाजी पुढारी, तर मेव्हण्याचं नाव आपोआप शेपूट पडलं. ते त्याने हसत हसत मिरवलं. शेपूट तिशी ओलांडलेला, सडपातळ, लग्नाचं नाव काढलं की खोलीबाहेर जाणारा. पाठीवर सगळ्यांचं जास्तीचं सामान, आणि उतरताना घसाऱ्यावरून असा पळत सुटायचा की बघणाऱ्याने डोळे मिटून घ्यावेत. 

दोघांच्या कामाची एक रीत होती, सासऱ्यांपासून चालत आलेली. वर धुकं उतरलं की हाताच्या अंतरावरचं माणूस दिसत नाही. मग पुढच्याने प्रत्येक वळणावर थांबून हाक द्यायची, "मागेऽ?" आणि शेवटच्याने आपल्यापुढचे सगळे नीट चालताहेत हे बघून उत्तर द्यायचं, "येतोऽ!" काही बिनसलं तर एकच शब्द, "थांब." "येतो" आलं की पुढच्याने बिनघोर चालत राहायचं. आणि मागचा पोचल्याशिवाय तळ्यावरून हलायचं नाही, मग काय वाटेल ते होवो.

त्या दिवशी हंगाम संपत आला होता. कुठल्याशा कचेरीतल्या कारकुनांची टोळी होती. खडकांपर्यंत स्वच्छ ऊन, आणि घसाऱ्याशी पोचेतो धुकं. पुढाऱ्याने हाक दिली. मागून "येतोऽ" आलं, नेहमीच्या आवाजात, नीट. तो चालत राहिला. कारकून एकेक करून धापा टाकत वर आले, सगळ्यात शेवटी एक जाडगेला. शेपूट काही आला नाही.

"तो नाडी बांधायला वाकला," जाडगेला म्हणाला. "मला म्हणाला, तुम्ही व्हा पुढे, मी आलोच."

सगळं गाव शोधायला निघालं. कुत्री नेली, दोर लावून माणसं कपारींत उतरवली, घसाऱ्याचा दगड न् दगड उलटा केला. टोपी नाही, काठी नाही, काही म्हणजे काही नाही. बर्फ पडायला लागला तेव्हा लोकांनी मान खाली घालून नाद सोडला. बायकोने शोधणाऱ्या प्रत्येकाला गरम खायला घातलं, प्रत्येकाचे मोजे वाळवले, आणि डोळ्यांतून टिपूस काढलं नाही. शेजारीण हळहळून म्हणाली, "फार गुणी होता हो." तशी ही फाडकन म्हणाली, "होता नाही. आहे." तेव्हापासून त्या घरात शेपटाबद्दल कुणी भूतकाळात बोलायचं नाही असं ठरूनच गेलं. त्याची माडीवरची खोली ती रोज झाडायची. त्याच्या दुसऱ्या बुटांना तेल लावायची. पुढारी हे सगळं बघायचा, आणि ते "येतो" ऐकून आपण बिनघोर चालत राहिलो, हे काही त्याला तिला सांगवत नसे.

पुढचा हंगाम सुरू झाला तेव्हा त्याने दुसरा मागचा माणूस नेमला नाही. थोडी माणसं घ्यायची, डोळ्यांसमोर ठेवायची, असं ठरवलं. पहिल्याच धुक्यात, घसाऱ्याच्या पायथ्याशी, सवयीने त्याच्या तोंडून हाक गेली, "मागेऽ?"

"येतोऽ," मागून आलं.

 तो आनंदाने वेडापिसा होऊन खाली पळाला. धडपडला, गुडघे फोडून घेतले, नाव घेऊन ओरडला. दगड होते, धुकं होतं, बाकी कुणी नव्हतं. वर येऊन पुन्हा हाक दिली. पुन्हा उत्तर आलं, तेवढ्याच अंतरावरून, तेवढ्याच शांतपणे. कड्याचा प्रतिध्वनी म्हणावा, तर कडा जे ऐकतो तेच परत देतो. "मागे" ऐकून "येतो" म्हणणारा कडा कुणी पाहिलाय?

मग ते दरवेळचंच झालं, एकामागून एक हंगाम. ऊन असलं तर काही नाही. धुकं असलं की आवाज हटकून यायचा. हाक देऊ नये असं त्याने पुष्कळदा ठरवलं, पण मागच्याला हाक न देता पुढे जाणं त्याच्या हाडातच नव्हतं. आणि उत्तर आलं की पुढचं संकट. मागचा येतो म्हणालाय, मग तळ्यावरून हलायचं कसं? तो काठावर बसून राहायचा, घसाऱ्याच्या तोंडाकडे बघत. लोक आधी चुळबुळ करायचे, मग कुरकुर, मग थंडीने त्यांची दातखीळ बसायची. एकदा एका म्हाताऱ्या माळ्याचे ओठ निळे पडले, बोटं वळेनात, तेव्हा त्याच्या मुलाने पुढाऱ्याची गचांडी धरून त्याला उठवलं. उतरताना पुढाऱ्याला स्वतःची लाज वाटली, आणि त्याहून भीती वाटली. आज म्हातारा वाचला. असंच चाललं तर एका न येणाऱ्यासाठी थांबून तो एखाद्या जित्याजागत्या माणसाचा जीव घेणार होता. हे त्याला कळत होतं, आणि तरी पुढच्या धुक्यात आपण बसूनच राहणार हेही कळत होतं.

असले भास आपल्या एकट्यालाच होतात असं तो धरून चालला होता. दातांच्या डॉक्टरीणबाईंनी तीही सोय ठेवली नाही. या बाई एकट्याच आल्या होत्या. मोठ्या बडबड्या, दिवसभर लोकांची तोंडं उघडी असल्यामुळे बोलायला फक्त आपल्यालाच मिळतं, असं स्वतःच सांगून हसणाऱ्या. धुक्यातून तळ्यावर पोचल्यावर त्यांनी थर्मास काढला आणि तीन पेले मांडले.

"तिसरा कुणाला?" पुढाऱ्याने विचारलं.

"तुमच्या त्या मागच्या माणसाला. गारठला असेल बिचारा."

पुढाऱ्याने पेला खाली ठेवला. 

संध्याकाळी घरी परतल्यावर बाई शेगडीपाशी पाय शेकत बसल्या आणि पुढाऱ्याच्या बायकोला म्हणाल्या, "तुमच्या त्या मागच्या माणसाला सांगा हं, मी त्याच्यासाठी चहा ठेवला होता. सारखा आपला येतो येतो म्हणत होता, पण शेवटपर्यंत आला काही नाही. आवाज मात्र किती गोड!"

बायको तारेवरचे मोजे उलटे करत होती. ते तिने सगळे करून संपवले. बाई निघून गेल्यावर दार लावलं आणि नवऱ्यासमोर येऊन बसली.

"किती दिवसांपासून?"

पुढाऱ्याने मान वर केली नाही. "तो गेला... तो दिसेनासा झाल्यानंतरच्या पहिल्या धुक्यापासून."

"आणि मला सांगितलं नाहीत."

"काय सांगू? वर कोणी नसतं गं. मी सगळं पालथं घातलं. नुसता आवाज येतो."

"माझ्या भावाचा आवाज परगावच्या दंतवैद्यिणीला ऐकू येतो आणि मला नाही!" ती इतक्या जोरात बोलली की तारेवरचा एक मोजा खाली पडला. मग आवाज खाली आणून म्हणाली, "उद्या धुकं आहे. मी येणार. मागे मी चालणार."

"तुझे गुडघे..."

"माझे गुडघे माझे आहेत."

सकाळी दोघंच निघाली. तिने भावाचे तेल लावलेले बूट घातले होते, आत दोन मोजे कोंबून.  खडकांत तिला दम लागला, तरी थांबली नाही. लहानपणी वडिलांबरोबर ती या वाटेवर हरणासारखी पळायची, असं पुढाऱ्याने ऐकलं होतं. आता दर वळणावर तिचा श्वास घसा खरवडून बाहेर येत होता. घसाऱ्याच्या पायथ्याशी धुकं इतकं दाट झालं की ती मागे आहे हे केवळ तिच्या बुटांखालच्या दगडांच्या आवाजावरून कळायचं. पुढारी चढला. तळ्याच्या सपाटीला लागायच्या जरासं खाली तो थांबला. हाक देऊच नये असं त्याला मनापासून वाटलं. खाली उतरावं, तिचा हात धरावा, घरी न्यावं, आणि ही वाट कायमची सोडून वखारीत करवतीपुढे जाऊन उभं राहावं.

"मागेऽ?" तो ओरडला.

"आहे," बायकोचा आवाज आला, अगदी जवळून. आणि तिच्या पलीकडून, खालून, धुक्यातून, "येतोऽ."

दगडांचा आवाज बंद पडला. पुढारी घसरत खाली तिच्यापाशी आला. ती पाठ फिरवून खाली बघत उभी होती. तिचा चेहरा घामाने डबडबला होता. पण ती घाबरलेली दिसत नव्हती. ती कान देऊन ऐकत होती, जशी एखादी बाई शेजारच्या खोलीतल्या आजाऱ्याच्या कूस बदलण्याची चाहूल घेते.

"पुन्हा हाक द्या."

"अगं, नको."

"द्या म्हणते ना!"

त्याने दिली. उत्तर आलं.

"अहो," ती हळूच म्हणाली, "हे ते 'येतो' नाहीये."

"म्हणजे?"

"तुम्हाला आवाज ओळखता येतो, सूर ओळखता येत नाही. जेवायला हाक मारली की तो 'येतो' म्हणायचा ते वेगळं, त्याचा सूर वर जायचा. ह्याचा खाली येतोय. हे दारातलं 'येतो' आहे. बाहेर पडताना म्हणतात ते." तिने पदराने तोंड पुसलं. "आमच्या घरात जातो असं कधी कुणी म्हटलं नाही. आई म्हणूच द्यायची नाही. आणि हा तर इतका द्वाड, की कुणी ये म्हटल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही. आई कामात असली तरी दारात एक बूट घालून उभा. येतो. येतो हं. आई, येतो गं. शेवटी ती वैतागून म्हणायची, ये रे बाबा, ये एकदाचा. की लगेच धूम."

पुढारी तिच्याकडे बघत राहिला. इतके हंगाम तो काठावर बसून ज्याची वाट पाहत होता, तो यायला निघालेलाच नव्हता. तो निरोप घेत होता. पहिल्या दिवशीही त्याने निरोपच घेतला होता, आणि पुढारी "बरं, येतोय" असं समजून बिनघोर चालता झाला होता. त्याला तिथल्या तिथे दगडांत बसावंसं वाटलं.

"मग इतकी वर्षं..." त्याने विचारलं.

"उभाय. कुणी ये म्हणालं नाही ना त्याला." तिचे डोळे भरून आले. "मी तर त्याला होतासुद्धा म्हणू दिलं नाही कुणाला."

धुकं हललं नाही. खाली कुठेतरी एक दगड सुटला आणि टकटक करत थांबला. पुढाऱ्याला आता भलतंच सुचलं.

"अगं, पण तू ये म्हणालीस," त्याने तिचं मनगट धरलं, "आणि तो खरंच आला तर? शब्द तर तोच आहे."

 "आला तर आला," ती म्हणाली. "कसाही आला तरी माझा भाऊ आहे."

आणि ती खाली तोंड करून, आईच्या वैतागलेल्या सुरात, मोठ्याने म्हणाली, "ये रे बाबा. ये."

काहीच झालं नाही. मग पायाखालचे दगड बारीक थरथरले. खाली कुणीतरी पाऊल टाकलं. दुसरं टाकलं.  पावलं कुठल्या बाजूला चाललीत ते धुक्यात कळेना. एकदा वाटलं, वर येताहेत, अगदी जवळ, आता हात पुढे केला तर ओल्या कोटाला लागेल. आणि मग ती सुटली. खाली, धाड धाड, दगड उडवत, घसाऱ्यावरून उतरायची त्याची ती जुनी वेडी धाव.

बायकोच्या तोंडातून किंकाळी फुटली, "थांब! अरे थांब ना!"

पावलं थांबली.

इतकी शांतता पुढाऱ्याने त्या डोंगरावर कधी ऐकली नव्हती. खाली कुणीतरी वाटेत उभं होतं, एक पाय पुढे टाकून, बहिणीच्या शब्दाखातर. या वाटेवर थांब म्हटलं की थांबायचं, हे त्याला लहानपणापासून शिकवलेलं होतं. बायको दोन्ही हात पुढे करून उभी होती. तिला आणखी काही बोलता येत नव्हतं, आणि ये तर आता मुळीच म्हणता येत नव्हतं. असाच तो उभा राहणार, हे पुढाऱ्याला दिसलं. आणखी कितीही हंगाम. आणि ही रोज त्याची खोली झाडणार.

तो बायकोच्या पुढे जाऊन उभा राहिला.  त्या घरात कुणी कुणाला कधी म्हटला नव्हता, तो शब्द त्याने शक्य तितक्या मायेने म्हटला.

"जा."

आणि उत्तर येईना तेव्हा पुन्हा, "आम्ही पोचलो रे नीट. सगळे पोचले. तू जा आता."

पावलं निघाली. आता धाव नव्हती, साधं चालणं होतं, ओझं उतरवून ठेवलेल्या माणसाचं. खाली, आणखी खाली, खडकांपर्यंत ऐकू आली. मग ऐकू येतात की आपणच ऐकतोय, हे कळेनासं झालं.

बायको वळली आणि तिने नवऱ्याच्या छातीवर मूठ मारली. मग दुसरी. "माझ्या भावाला जा म्हणालात! जा म्हणालात त्याला!" तो मार खात उभा राहिला. मारता मारता ती त्याच्या कोटात तोंड खुपसून रडायला लागली, शोध थांबला त्या दिवशी रडायला हवं होतं तसं, मोठ्याने, लाज न धरता. त्यालाही रडू आलं. दोघं कितीतरी वेळ त्या सुट्या दगडांत एकमेकांना धरून उभी राहिली, आणि पायाखालचे गोटे थोडे थोडे खाली सरकत राहिले.

रडं ओसरल्यावर तिने नाक पुसलं आणि लहान मुलीसारखं विचारलं, "अहो, थंडी वाजत होती का हो त्याला?"

"असेल," पुढारी म्हणाला. खोटं बोलणं त्याच्या जिवावर आलं. "आपण फार वेळ उभं केलं त्याला."

तिने मान हलवली. मग भावाच्या बुटांतला खडा काढायला ती खाली बसली, आणि तिची नाडी बांधून होईपर्यंत तो तिच्याजवळून हलला नाही.